‘कन्फ्रंट’ लिहिण्याआधी मराठी क्रियापद ठरवा

‘आय कन्फ्रंटेड विथ द क्लायंट यस्टर्डे अँड ही अ‍ॅग्रीड.’

एका सहकाऱ्याने साहेबांना पाठवलेल्या मेलमधलं हे वाक्य. त्याला सांगायचं होतं की काल क्लायंटबरोबर समोरासमोर बसून बोललो आणि गडी तयार झाला. साहेबांनी अर्थ घेतला की यानं क्लायंटला फैलावर घेतलं. मग फोन, मग खुलासा, मग ‘तसं नव्हतं म्हणायचं’. एका ओळीत दोन चुका होत्या. ‘विथ’ नको होतं, ही व्याकरणाची. मुळात ‘कन्फ्रंट’च नको होतं, ही जास्त महागात पडलेली.

दोन्ही चुका मराठीतून आल्या. आपण एखाद्याला जाब विचारतो, संकटाला सामोरे जातो, शत्रूशी दोन हात करतो, आरोपीसमोर पुरावा ठेवतो. ला, शी, समोर: प्रत्येक क्रियापदाची शेपटी वेगळी. इंग्रजी हे सगळं एकाच क्रियापदावर भागवते आणि माणसाच्या आधी शेपटी कुठलीच लावत नाही. मनातलं मराठी क्रियापद पक्कं न करता ‘कन्फ्रंट’ लिहायला घेतलं की ती शेपटी उडी मारून इंग्रजी वाक्यात शिरते आणि ‘कन्फ्रंट विथ’, ‘कन्फ्रंट टू’, ‘कन्फ्रंट अगेन्स्ट’ अशी पिल्लं जन्माला येतात.

खालचा क्रम मी मेल तपासताना आणि भाषांतर करताना स्वतः वापरतो. तो उलटा करू नका. बहुतेक जण ‘अबाउट लावू की विथ?’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. तो प्रश्न चौथ्या पायरीवरचा आहे, आणि पहिल्या तीन नीट झाल्या तर तो आपसूक सुटतो. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे उच्चारही सोबतच बसेल.

तयारी: वाक्य आधी मराठीत लिहा

कागदावर किंवा मनात, पण पूर्ण वाक्य लिहा. अट एकच. ‘मी त्याला कन्फ्रंट केलं’ असं लिहायचं नाही. हल्ली बोलताना आपण सर्रास असं म्हणतो आणि त्यामुळेच नक्की काय केलं ते झाकलं जातं. जाब विचारलात? नुसतं विचारलंत? वाट अडवलीत? पुरावा पुढ्यात टाकलात? खरं मराठी क्रियापद येईपर्यंत पुढे जाऊ नका.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा.

१. समोर काय आहे? माणूस, परिस्थिती, की स्वतःच्याच मनातलं काही?

२. कोण कुणासमोर गेलं? तुम्ही ठरवून गेलात, की ते तुमच्यासमोर येऊन उभं राहिलं?

३. समोरच्याला (किंवा तुम्हाला स्वतःला) टाळावंसं वाटेल असं काही त्यात आहे का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं तर हा लेख इथेच मिटून साधं ‘टॉक टू’ वापरा. ‘कन्फ्रंट’मध्ये अवघडलेपण गृहीत असतं. टाळण्यासारखं काही नसेल तिथे हे क्रियापद बसत नाही.

पायरी १: ‘कन्फ्रंट’ लागतंय का ते पाहा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘समोरासमोर’ हा आपला शब्द निरुपद्रवी आहे. दोन जुने मित्र समोरासमोर येतात, दोन घरं समोरासमोर असतात, समोरासमोर बसून व्यवहार ठरतो. कुणाचं कुणाशी वाकडं नसतं. ‘कन्फ्रंट’ हा त्याचा प्रतिशब्द आहे असं डोक्यात बसलं की मग अशी वाक्यं निघतात:

चूक: आय कन्फ्रंटेड माय ओल्ड टीचर अ‍ॅट द स्टेशन.

लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, स्टेशनवर अचानक जुने सर भेटले. वाचणाऱ्याला दिसतं, स्टेशनवर सरांना गाठून कशाचा तरी हिशेब मागितला. अचानक भेटीसाठी ‘रॅन इनटू’ किंवा ‘बम्प्ड इनटू’ आहे. ठरवून भेटलात तर ‘मेट’.

चूक: अवर हाउस कन्फ्रंट्स द पार्क.

घर बागेसमोर असेल तर ‘फेसेस’. आजच्या इंग्रजीत घरं ‘कन्फ्रंट’ करत नाहीत.

कार्यालयात तर हे क्रियापद फारच सांभाळून वापरावं. बिलाची आठवण करायची असेल तर ‘रिमाइंड’, पाठपुरावा करायचा असेल तर ‘फॉलो अप विथ’, तक्रारवजा मुद्दा काढायचा असेल तर ‘रेझ द इश्यू विथ’. ‘आय विल कन्फ्रंट द व्हेंडर टुमॉरो’ असं लिहिलंत की उद्या खडाजंगी होणार असं गृहीत धरून बाकीचे तयारीला लागतात. होणार असेल तर जरूर लिहा.

सावधान: ‘मी विचारलं’ या वाक्यातल्या ‘विचारलं’वर जोर असेल (‘मी विचारलंच त्याला!’) तरच ‘कन्फ्रंट’कडे जा. जोर नसेल तर ‘आस्क्ड’ पुरतं.

पायरी २: पाचपैकी कुठलं घर?

आता क्रियापद लागतंय हे नक्की झालं. मराठीतल्या तुमच्या वाक्याला खालच्या पाचपैकी एका घरात बसवा.

*पहिलं घर, जाब विचारणं.* माणूस समोर आहे, त्याने काहीतरी केलंय (निदान तुम्हाला तसं वाटतंय) आणि तुम्ही ते त्याच्या तोंडावर काढता. ‘शी कन्फ्रंटेड हिम अबाउट द लाइज.’ खोटेपणाबद्दल तिनं त्याला जाब विचारला. ‘कन्फ्रंट’चा सगळ्यात जास्त वापर रोजच्या बोलण्यात याच अर्थाने होतो. लक्षात घ्या, आवाज चढलाच पाहिजे असं नाही. शांतपणे, चहाचा कप हातात धरूनही जाब विचारता येतो. पण जो विषय समोरचा टाळतोय तो काढलेला असतो.

*दुसरं घर, पुढ्यात ठेवणं.* यात हातात काहीतरी असतं: पत्र, फोटो, आकडे, आधी दिलेला जबाब. ‘द मॅनेजर कन्फ्रंटेड हिम विथ द सीसीटीव्ही फुटेज.’ मॅनेजरनं फुटेज त्याच्यासमोर ठेवलं, आता बोल. नाकारायला जागा ठेवायची नाही हा इथला भाव.

*तिसरं घर, सामोरं जाणं.* समोर माणूस नसून भीती, भूतकाळ, दुःख, एखादं सत्य, एखादा प्रश्न आहे आणि तुम्ही पाठ न फिरवता त्याच्याकडे बघता. ‘शी फायनली कन्फ्रंटेड हर फिअर ऑफ वॉटर.’ पाण्याच्या भीतीला ती अखेर सामोरी गेली. यात ठरवून केलेलं धाडस असतं. नुसतं सहन करणं म्हणजे ‘कन्फ्रंट’ नव्हे.

*चौथं घर, समोर उभं ठाकणं.* इथे तुम्ही काही केलेलं नाही. अडचणच येऊन उभी राहिली. ‘वी वेअर कन्फ्रंटेड विथ अ डिफिकल्ट चॉइस.’ आमच्यापुढे अवघड निवड येऊन ठेपली. हे घर बहुतेकदा कर्मणी वाक्यात दिसतं.

*पाचवं घर, वाट अडवून उभं राहणं.* शरीरानं समोर येणं, धमकीच्या किंवा झगड्याच्या पवित्र्यात. ‘द गार्ड वॉज कन्फ्रंटेड बाय थ्री मेन.’ तिघे जण रखवालदाराला आडवे आले. घरमालक चोराला ‘कन्फ्रंट’ करतो, जमाव पोलिसांना ‘कन्फ्रंट’ करतो, तेही याच घरातलं.

तपासणी: तिसऱ्या आणि चौथ्या घरात गल्लत होते, कारण मराठीत दोन्हीकडे ‘संकट’ आणि ‘समोर’ असतं. प्रश्न क्रमांक दोनकडे परत जा. पाय कुणी उचलला? तुम्ही उचलला तर तिसरं घर, संकट चालून आलं तर चौथं.

पायरी ३: क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काहीही घालू नका

‘कन्फ्रंट’ सकर्मक आहे. ज्याला किंवा ज्या गोष्टीला सामोरं जायचं ती क्रियापदाला चिकटून येते.

चूक: आय कन्फ्रंटेड विथ हिम.
चूक: ‘टू’वाली सगळी रूपं, म्हणजे ‘कन्फ्रंटेड टू हिम’, ‘कन्फ्रंट टू द प्रॉब्लेम’.
बरोबर: आय कन्फ्रंटेड हिम.
बरोबर: वी मस्ट कन्फ्रंट द प्रॉब्लेम.

कर्म सोडूनही चालत नाही. ‘आम्ही काल आमनेसामने आलो’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, म्हणून ‘वी कन्फ्रंटेड यस्टर्डे’ लिहावंसं वाटतं. इंग्रजी कानाला ते अर्धवट लागतं. कुणाला? ‘वी कन्फ्रंटेड ईच अदर’ असं पुरं करा, किंवा नाम वापरून ‘वी हॅड अ कॉन्फ्रंटेशन’ म्हणा.

आणखी तीन सापळे.

‘आय कन्फ्रंटेड दॅट ही वॉज लाइंग’: चूक. ‘कन्फ्रंट’नंतर थेट ‘दॅट’ येत नाही. माणूस घाला: ‘आय कन्फ्रंटेड हिम अबाउट हिज लाइज.’ एखादं सत्य स्वीकारण्याबद्दल बोलत असाल तर मध्ये ‘द फॅक्ट’ हवं: ‘वी हॅव टू कन्फ्रंट द फॅक्ट दॅट ही लाइड.’

‘आय कन्फ्रंटेड हिम व्हाय ही वॉज लेट’: चूक. प्रश्न विचारण्याचं काम ‘आस्क्ड’चं. ‘कन्फ्रंट’ पाहिजेच असेल तर दोन्ही वापरा: ‘आय कन्फ्रंटेड हिम अँड आस्क्ड व्हाय ही वॉज लेट.’

‘आय कन्फ्रंटेड हिम टू रिटर्न द मनी’: ‘पैसे परत कर असं ठणकावलं’ या अर्थी चूक. हे क्रियापद आज्ञा देत नाही. तिथे ‘आय टोल्ड हिम टू’ किंवा ‘आय डिमांडेड दॅट ही रिटर्न’ लागेल.

तपासणी: ‘कन्फ्रंट’ काढून त्या जागी ‘फेस’ घालून पाहा. ‘आय फेस्ड विथ हिम’ कानाला खटकतं ना? मग ‘आय कन्फ्रंटेड विथ हिम’ही तितकंच खटकायला हवं. अर्थ जुळेलच असं नाही, पण वाक्याचा सांगाडा तपासायला ही युक्ती बहुतेक वेळा चालते.

पायरी ४: आता ‘अबाउट’, ‘ओव्हर’, ‘विथ’

इथपर्यंत क्रम पाळला असेल तर फार विचार करावा लागत नाही. घरच सांगतं.

पहिल्या घरात, जाब कशाबद्दल ते सांगायला ‘अबाउट’. वाद जाहीर किंवा मोठा असेल, विशेषतः बातम्यांच्या भाषेत, तर ‘ओव्हर’: ‘रिपोर्टर्स कन्फ्रंटेड द मिनिस्टर ओव्हर हिज रिमार्क्स.’ घरगुती भांडणात ‘अबाउट’ जास्त सहज वाटतं. ‘कन्फ्रंटेड हिम फॉर लाइंग’ असं पुष्कळदा लिहिलेलं दिसतं, कारण ‘स्कोल्डेड हिम फॉर’चा साचा डोक्यात असतो. ‘फॉर’ टाळा, ‘अबाउट’वर राहा.

दुसऱ्या घरात ‘विथ’. पण हा ‘विथ’ माणसाला लागत नाही, हातातल्या वस्तूला लागतो. जो मुद्दा मला स्वतःला समजायला सगळ्यात वेळ लागला तो हाच. ‘शी कन्फ्रंटेड हिम विथ द लेटर्स’ या वाक्यात आधी माणूस, मग ‘विथ’, मग पत्रं. आपला सहकारी ‘विथ’ योग्य ऐकून आला होता, फक्त त्याने तो माणसाला लावला. ‘विथ’ची जागा नीट बघा:

कन्फ्रंट + माणूस + विथ + पुरावा: बरोबर.
कन्फ्रंट + विथ + माणूस: चूक.

मग ‘विथ’नंतर माणूस कधीच येत नाही का? येतो, पण तेव्हा त्या माणसालाच पुराव्यासारखं समोर उभं केलेलं असतं. दोन संशयितांना आमनेसामने बसवून चौकशी होते तेव्हा ‘ही वॉज कन्फ्रंटेड विथ हिज पार्टनर’ म्हणता येतं: त्याच्यासमोर त्याच्या साथीदाराला आणून बसवलं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या दुरुस्तीत (१७९१) आरोपीला ‘टू बी कन्फ्रंटेड विथ द विटनेसेस अगेन्स्ट हिम’ असा हक्क दिला आहे तोही याच चालीवर. विरुद्ध साक्ष देणाऱ्यांनी आरोपीच्या समोर येऊन साक्ष द्यावी, असा त्याचा अर्थ. या ओळीतला ‘अगेन्स्ट’ साक्षीदारांना लागलेला आहे, ‘कन्फ्रंट’ला नाही. तो बघून ‘कन्फ्रंट अगेन्स्ट’ शिकू नका.

तिसऱ्या घरात काहीही लागत नाही. ‘कन्फ्रंट द पास्ट’, ‘कन्फ्रंट युअर फिअर्स’, संपलं.

सावधान: नामाला ‘विथ’ लागतो. ‘अ कॉन्फ्रंटेशन विथ द पोलीस’ अगदी बरोबर आहे. क्रियापदामागे ‘विथ’ लावण्याची सवय बऱ्याचदा इथूनच चिकटते. नाम असेल तर ‘विथ’ माणसाला, क्रियापद असेल तर ‘विथ’ वस्तूला.

पायरी ५: कर्मणी वाक्य लागेल का ते ठरवा

चौथं घर असेल तर कर्मणी घ्या. ‘बी कन्फ्रंटेड विथ’ आणि ‘बी कन्फ्रंटेड बाय’ दोन्ही चालतात. अडचण, निवड, आव्हान यांना दोन्हींपैकी काहीही. माणसं चालून आली असतील, म्हणजे पाचवं घर, तर ‘बाय’च हवं. ‘ही वॉज कन्फ्रंटेड बाय अँग्री पेरेंट्स’ म्हणजे संतापलेले पालक त्याच्यावर धावून आले. तिथे ‘विथ’ घातलंत तर कुणीतरी त्या पालकांना त्याच्यापुढे आणून उभं केलं, अशी वेगळीच छटा येऊ लागते.

एक बारीक पण फार होणारी चूक: कर्मणीत ‘वॉज’ किंवा ‘आर’ गाळणं. ‘वी कन्फ्रंटेड विथ मेनी प्रॉब्लेम्स’ हे वाक्य मी तपासलेल्या मजकुरात इतक्यांदा आलंय की आता लाल पेन आपोआप तिथे जातं. ‘वी वेअर कन्फ्रंटेड विथ मेनी प्रॉब्लेम्स’ असं हवं. नाहीतर ‘विथ’ काढून ‘वी कन्फ्रंटेड मेनी प्रॉब्लेम्स’. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण पहिल्यात अडचणी चालून आल्या आणि दुसऱ्यात तुम्ही त्यांच्यावर चालून गेलात. सुधारताना कुठलं हवं ते लेखकाला विचारा. मी न विचारता सुधारून एकदा ओशाळलो आहे.

पायरी ६: शेजाऱ्यांशी ताडून पाहा

वाक्य तयार झालं. पाठवण्याआधी बघा की यापेक्षा नेमका शब्द जवळपास आहे का.

‘फेस’ सगळ्यात जवळचा, आणि सगळ्यात फसवा. त्याचा पसारा मोठा आहे. पुढे येणाऱ्या गोष्टीला ‘फेस’ करता येतं: ‘ही फेसेस थ्री इयर्स इन प्रिझन.’ तीन वर्षांची कैद त्याच्यापुढे आहे. इथे ‘कन्फ्रंट्स’ बसत नाही. ‘आय कान्ट फेस गोइंग देअर’ म्हणजे तिथे जायची हिंमतच होत नाही. इथेही ‘कन्फ्रंट’ नाही. ‘फेस अप टू’ म्हणजे कटू सत्य मनातून मान्य करणं, आणि त्यात मात्र ‘टू’ लागतो. ‘कन्फ्रंट टू’ ही चूक कधीकधी या ‘फेस अप टू’च्या सावलीतूनही येते.

‘अकॉस्ट’ म्हणजे अनोळखी माणसाला वाटेत गाठून आगाऊपणे किंवा दरडावून बोलणं. जाब विचारायला आधीचं काही कारण लागतं. ‘अकॉस्ट’ला लागत नाही. रस्त्यात कुणी अनोळख्यानं हटकलं तर ‘अकॉस्टेड’, बायकोनं पावती दाखवून विचारलं तर ‘कन्फ्रंटेड’.

‘चॅलेंज’ हे म्हणण्यावर शंका घेणं आहे. ‘आय चॅलेंज्ड हिज फिगर्स’: मी त्याचे आकडे मान्य केले नाहीत. रोख आकड्यांवर, ‘कन्फ्रंट’मध्ये माणसावर.

‘स्टँड अप टू’ वापरा जेव्हा समोरचा ताकदवान आहे आणि तुम्ही दबला नाहीत. मुलगा दांडगाई करणाऱ्याला ‘स्टँड अप टू’ करतो. साहेबांनी हाताखालच्याला ‘स्टँड अप टू’ केलं हे हास्यास्पद होईल.

‘कॉल आउट’ म्हणजे चारचौघांत चूक दाखवणं. एकांतातल्या जाब विचारण्याला ते लागत नाही.

‘एन्काउंटर’ला सामना झाला एवढंच पुरे, हेतू लागत नाही. ‘ऑपोज’ म्हणजे विरोध, त्यात समोर उभं राहायची गरज नाही. घरी बसूनही एखाद्या योजनेला ‘ऑपोज’ करता येतं.

दिसायला सारखे दोन शब्द वेगळे काढून ठेवा. ‘अफ्रंट’ म्हणजे अपमान. आणि ‘कम्फर्ट’ म्हणजे सांत्वन, जे मोबाइल आपणहून घालून देतो. ‘आय विल कम्फर्ट हिम टुनाइट’ असा संदेश गेल्यावर वाचणारा बुचकळ्यात पडणारच.

पायरी ७: नाम, विशेषण, उच्चार

नाम ‘कॉन्फ्रंटेशन’. एकदाची चकमक असेल तर ‘अ’ लावा: ‘अ कॉन्फ्रंटेशन विथ हर नेबर’. स्वभावाबद्दल बोलताना ‘अ’ नको: ‘ही अव्हॉइड्स कॉन्फ्रंटेशन’, म्हणजे त्याला तोंडातोंडी नको असते. दोन बाजू सांगायच्या असतील तर ‘बिट्वीन’.

‘कॉन्फ्रंटेशनल’ हे विशेषण माणसाला किंवा बोलण्याच्या पद्धतीला लागतं आणि ते कौतुक नाही. भांडखोर, अंगावर येणारा. ‘शी इज व्हेरी कॉन्फ्रंटेशनल’ असं एखाद्या धीट बाईबद्दल चांगल्या भावनेनं लिहाल तर तिला वाईट वाटेल. ‘कन्फ्रंटिंग’ हेही विशेषण म्हणून येतं, विशेषतः ऑस्ट्रेलियन इंग्रजीत: ‘अ कन्फ्रंटिंग फिल्म’ म्हणजे बघताना अस्वस्थ करणारा सिनेमा. कुणी कुणाशी भांडतंय असं समजू नका.

उच्चाराचं थोडक्यात. क्रियापदात पहिलं अक्षर हलकं ‘कन्’ आणि जोर ‘फ्रंट’वर. त्यातला स्वर ‘मंथ’ किंवा ‘सन’मधला, म्हणून ‘कॉनफ्रॉन्ट’ म्हणू नका, स्पेलिंगमध्ये ‘ओ’ दोनदा असला तरी. नामात गंमत होते: सुरुवात उघड्या ‘कॉन्’नं होते आणि जोर ‘टे’वर जातो. भूतकाळी रूपात शेवटी ‘ट’ असल्यामुळे ‘इड’ हे वेगळं अक्षर ऐकू आलं पाहिजे.

पायरी ८: उलटा प्रवास, इंग्रजीतून मराठीत

भाषांतर करणाऱ्यांनी हे वाचावं, बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल.

शब्दकोशात ‘सामना करणे’, ‘मुकाबला करणे’ दिसतं आणि तेच सगळीकडे चिकटवलं जातं. ‘शी कन्फ्रंटेड हर हजबंड’चं ‘तिने नवऱ्याचा सामना केला’ असं भाषांतर मी वाचलं आहे. वाचून डोळ्यांपुढे कुस्तीचा आखाडा उभा राहतो. ‘तिनं नवऱ्याला जाब विचारला’, किंवा प्रसंग तापलेला असेल तर ‘धारेवर धरलं’. ‘धारेवर धरणं’, ‘फैलावर घेणं’, ‘खडसावणं’ यांत मराठीत ताप जास्त आहे. मूळ प्रसंग शांत असेल तर ते घेऊ नका. ‘तिनं विषय काढलाच’ एवढ्यानेही कधीकधी काम होतं, त्या ‘च’मध्ये सगळं येतं.

दुसरं घर उतरवताना पुराव्याला कर्म करा. ‘व्हेन शी कन्फ्रंटेड हिम विथ द लेटर्स, ही ब्रोक डाउन’: ‘तिनं पत्रं पुढ्यात टाकली तसा त्याचा बांध फुटला.’ ‘पत्रांसह त्याचा सामना केला’ म्हटलं तर पत्रं हे हत्यार वाटू लागतं.

चौथ्या घरात मराठीत कर्मणी नकोच. ‘वी आर कन्फ्रंटेड विथ अ चॉइस’चं ‘आमच्यापुढे पेच आहे’ एवढं पुरे.

एक वाक्य सुरुवातीपासून

मराठी वाक्य: मी त्याला पैशांबद्दल विचारलं तर तो उलट माझ्याच अंगावर आला.

समोर माणूस, गेलात तुम्ही, विषय तो टाळतोय. तिन्ही उत्तरं मिळाली. पण क्रियापद ‘विचारलं’ आहे, म्हणून पहिल्या पायरीवर अडा: जोर देऊन विचारलं की सहज? समजा, तीन महिने तो विषय टाळत होता आणि तुम्ही एक दिवस त्याला गाठून विचारलंत. मग ‘कन्फ्रंट’ लागतं, पहिलं घर, माणूस क्रियापदाला चिकटून, ‘अबाउट’:

व्हेन आय कन्फ्रंटेड हिम अबाउट द मनी, ही टर्न्ड ऑन मी.

बँकेचं पान दाखवून विचारलं असेल तर दुसरं घर:

व्हेन आय कन्फ्रंटेड हिम विथ द बँक स्टेटमेंट, ही टर्न्ड ऑन मी.

आणि जाता जाता, चहा पिताना, नुसती आठवण केली असेल तर:

व्हेन आय आस्क्ड हिम अबाउट द मनी, ही टर्न्ड ऑन मी.

तिन्ही व्याकरणात शुद्ध. पण पहिल्या दोन वाक्यांत वाचणाऱ्याला वाटतं की ठिणगी तुम्ही टाकलीत. तिसऱ्यात तो विनाकारण भडकला. मेल त्याच्या साहेबांना जाणार असेल तर खरं काय घडलं ते आठवा आणि मग पाठवा.